रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. वास्तविक माझे इंग्रजी बेताचे आहे. पण बाबांच्या मते कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सगळे वाचता येते. त्यामुळे गेल्या जूनमध्ये पोस्टमनने सही घेऊन एक लांबट पाकीट दिले तेव्हा ते कोणी फोडले नाही. आईने ते देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवून दिले आणि मी पनवेलहून घरी येईपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही.

पाकीट ताईच्या सासरकडून, म्हणजे त्यांच्या वकिलाकडून आले होते. दोन पाने इंग्रजी. मोबाइलवर एकेक शब्द शोधत मी ती वाचली. ताई सबळ कारण नसताना माहेरी राहते आहे, तिने पंधरा दिवसांत नांदायला यावे, नाही तर हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली कोर्टात दावा लावण्यात येईल, असा त्याचा मतलब होता. तो मी घरच्यांना सांगितला. बाबा काही बोलले नाहीत. पोलीस येऊन नेतील का, एवढेच आईने विचारले. मला उत्तर माहीत नव्हते. ताई आत भात वेळत होती. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी नोटिशीची झेरॉक्स घेऊन मी आमच्या मराठीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली. पोलीस कोणाला धरून नेत नाहीत हे सांगितले, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे गेल्यास स्त्रियांना वकील मोफत मिळतो, हेही सांगितले. मग त्यांनी ग्रंथालयातून एक चरित्र काढून माझ्या हातात ठेवले. ताईला आलेली नोटीस या महाराष्ट्रात नवी नाही, एकोणिसाव्या शतकात अशाच एका दाव्याने सगळा देश ढवळून निघाला होता, असे त्या म्हणाल्या. ते चरित्र डॉ. रखमाबाईंचे होते. खरे सांगायचे तर तोपर्यंत मला रखमाबाई म्हणजे एका सिनेमाचे नाव एवढेच ठाऊक होते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. आमच्या वर्गातल्या कोणत्याही मुलीपेक्षा त्या तेव्हा लहान होत्या. पण त्या ज्या सुतार समाजातल्या होत्या तेथे विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुराशी लग्न केले. दुसरे लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्या काळच्या कायद्याने जात असे; म्हणून जयंतीबाईंनी ती मालमत्ता आधीच मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे रखमाबाईंना सर्वांत जास्त टोमणे या मालमत्तेवरूनच ऐकावे लागले.

सखाराम अर्जुन हा मोठा माणूस होता. मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांतले ते एक. आमच्या कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना ज्या संस्थेचे नाव तोंडपाठ असते तीच ही संस्था. सावत्र बाप म्हटला की आपल्याकडे गोष्टींत तो दुष्टच असतो; पण या मुलीला जे काही वाचायला मिळाले ते या बापाच्या घरात मिळाले.

तरी अशा घरातसुद्धा तिचे लग्न अकराव्या वर्षी झाले. आजोबांचा आग्रह होता. नवरा दादाजी भिकाजी, वय वर्षे एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. त्याच्याजवळ पैसा नव्हता, शिक्षण अर्धवट होते. त्याने घरजावई म्हणून राहावे, शाळा पुरी करावी आणि मार्गाला लागावे, अशी बोली झाली. रखमाबाईंची शाळा मात्र लग्नाबरोबर सुटली. म्हणजे ज्याला शिकायचे नव्हते त्याला शिकवण्याची व्यवस्था झाली आणि जिला शिकायचे होते तिला घरी बसवण्यात आले. आमच्याही घरात काहीसे असेच झाले आहे, पण ते पुढे सांगतो.

दादाजी काही शिकले नाहीत. काही काळाने ते आपल्या मामाकडे राहायला गेले आणि शाळा कायमची सोडली. पुढे आजारपण आले, कर्ज झाले. इकडे मुलगी वयात आली तेव्हा सखाराम अर्जुन यांनी तिला नवऱ्याकडे पाठवायला नकार दिला. ते डॉक्टर होते. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात काय होते ते त्यांनी पाहिलेले होते. रखमाबाई माहेरीच राहिल्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून त्या घरच्या घरी इंग्रजी शिकल्या. किती? तर पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'ला पत्रे लिहिण्याइतपत.

वर्षे गेली. १८८४ च्या मार्चमध्ये दादाजींच्या वकिलाचे पत्र आले. बायको नांदायला पाठवा. हे वाक्य वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या फळीवरच्या पाकिटात याहून वेगळे काय होते?

रखमाबाईंनी नकार कळवला. दादाजींची कमाई नाही, प्रकृती धड नाही, वर्तन विश्वास ठेवण्यासारखे नाही, ही कारणे त्यांनी दिली. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एक कारण होते आणि तेच लोकांना खुपले. ज्या लग्नाला आपली संमती कोणी विचारली नाही आणि जे कळण्याचे आपले वय नव्हते, ते लग्न आपल्याला बांधू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला.

खटला चालू असताना, १८८५ च्या २६ जूनला आणि १९ सप्टेंबरला, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने दोन पत्रे आली. एक बालविवाहावर, दुसरे विधवांवर लादलेल्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. लग्नानंतर मुलाची शाळा चालू राहते, मुलीची बंद होते. बायको मेली तर पुरुष महिनाभरात दुसरी करतो, आणि नवरा मेला तर आठ वर्षांच्या पोरीचे आयुष्य संपते, या अन्यायाचा पाढा त्यांत होता. त्याआधी तीनच वर्षे, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापून हाच जाब मराठीतून विचारला होता. दोघींची भेट झाली होती की नाही ते मी वाचलेले नाही. पण एका बाजूला वऱ्हाडातली बाई, दुसऱ्या बाजूला मुंबईची, आणि दोघींच्या डोक्यात एकच प्रश्न, याचे मला नवल वाटले.

दुसरे पत्र छापून आल्यावर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. जे कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांचे सहजीवन परत कसे मिळवून देता येईल, आणि एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध माणसाच्या स्वाधीन करणे हे क्रौर्य आहे, अशा अर्थाचा तो निकाल होता. रखमाबाई जिंकल्या. दुर्दैवाने हा दिवस पाहायला सखाराम अर्जुन नव्हते. ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते.

आणि मग वर्तमानपत्रांत जो गदारोळ उठला तो वाचताना मला आमच्या ओटीवरची बैठक आठवली.

ही बैठक नोटीस येण्याआधीची, मार्च महिन्यातली. ताई लग्नानंतर आठ महिन्यांनी घरी आली होती आणि परत जायचे नाव काढत नव्हती. म्हणून दोन्ही काका, मामा, लग्न जमवणारे मध्यस्थ आणि गावातले दोन जाणते असे जमले. मुलगा दारू पितो हे कोणी नाकारले नाही. नोकरी टिकत नाही हेही नाकारले नाही. पण पुरुषाची जात आहे, आज ना उद्या सुधारेल. बाईने थोडे सोसायचे असते. हल्लीच्या मुलींना मोबाइलने बिघडवले. आणि आईने समजूत घालण्याऐवजी फूस दिली, असे एकामागून एक निघाले. बैठकीत माझा एक चुलतभाऊही होता. तो गेली दोन वर्षे बायको-मुलांना गावात ठेवून कामोठ्याला राहतो. तेथे तो एकटा राहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याच्यासाठी आजपर्यंत कोणी ओटीवर सतरंजी अंथरली नाही. त्यानेही त्या दिवशी ताईला संसार कसा टिकवावा याचा उपदेश केला आणि कोणाला हसू आले नाही. ताईला मात्र बाहेर बोलावलेच नव्हते. ती आणि आई स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या.

मी काय बोललो? मी चहाचे कप फिरवले.

रखमाबाईंच्या वेळी ओटी मोठी होती, एवढाच फरक. बाई शिकली म्हणून बिघडली, हा पहिला आरोप. मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून आईने आणि सावत्र बापाने मुलीला अडवले, हा दुसरा. आईनेच दुसरे लग्न केलेले, मग मुलीकडून काय अपेक्षा करणार, हा तिसरा. आज एका बाईला मोकळे सोडले तर उद्या घराघरांतल्या बायका उठतील आणि धर्म बुडेल, हा चौथा आणि सर्वांत मोठा. गरीब बिचाऱ्या नवऱ्याची कणव सर्वांना आली. बोलीप्रमाणे शाळा का पुरी केली नाही, हा प्रश्न त्याला फारसा कोणी विचारला नाही. खटला चालू असताना त्याने दुसरे लग्न केले असते तरी कायदा त्याला अडवत नव्हता. रखमाबाईंना मात्र नको असलेल्या लग्नातून सुटायची वाटच नव्हती. हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता.

यात एक गोष्ट लिहिताना माझा हात अडखळतो. लोकमान्य टिळक रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होते. सातवीत असताना मी पगडी घालून टिळकांवर भाषण केले होते आणि पहिला नंबर मिळवला होता. शेंगांच्या टरफलांची गोष्ट मला अजून पाठ आहे. परकीय सरकारच्या कोर्टाने आमच्या घरात, आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळकांना वाटत होते. त्यामागे स्वाभिमान होता हे मला कळते. पण येथे तर उलटे होते. नवऱ्यानेच बायकोला खेचून आणण्यासाठी परक्या सरकारच्या कोर्टाचे दार ठोठावले होते, आणि ज्या कायद्याच्या आधारे ठोठावले तो कायदाही आपला नव्हता. नांदायला लावण्याचा हा दावा मूळचा विलायतेतल्या चर्चच्या कोर्टांतला. आपल्या धर्मशास्त्रात बायकोला कर्तव्य सांगितले असेल, पण न आल्यास तुरुंगात घाला असे सांगितलेले नाही. आणखी गंमत अशी की ज्या १८८४ साली दादाजींनी दावा लावला, त्याच साली इंग्लंडने आपल्याकडची ही तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. त्यांनी टाकून दिलेले हत्यार आम्ही आमचा धर्म म्हणून छातीशी धरले. आगरकरांसारख्यांना हे पटणे शक्यच नव्हते. समाजसुधारणेच्या प्रश्नांवर त्यांचे आणि टिळकांचे बिनसत गेले, त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला. शेवटी ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला. रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे.

या तारखेच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेहून पदवी घेऊन आलेली ही एकवीस वर्षांची डॉक्टर येथे काम सुरू करण्याआधीच गेली म्हणून सारा महाराष्ट्र हळहळला, आणि ते योग्यच होते. पण त्याच आठवड्यात दुसरी एक बावीस वर्षांची शिकलेली मुलगी तुरुंगाच्या दाराशी उभी होती आणि तिच्यासाठी हळहळणारे थोडे होते. आनंदीबाई नवऱ्याच्या आग्रहाने शिकल्या, रखमाबाई नवऱ्याला नकार देण्याइतक्या शिकल्या. बाईच्या शिकण्यात सगळी हरकत कोठे असते ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला दिसते. दोघींपैकी कोणाला कमी लेखावे असा माझा हेतू मुळीच नाही.

रखमाबाईंनी उत्तर दिले की मी तुरुंगात जाईन.

मी हे उत्तर फार वेळा वाचले. तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. घरंदाज बाई तुरुंगात जाणे म्हणजे काय? नंतर स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास मानाचा झाला. पण १८८७ साली तो मान नव्हता, आणि या तुरुंगाबाहेर हार घेऊन कोणी उभे राहणार नव्हते. त्यांची बाजू घेणारेही होते. बेहरामजी मलबारी पहिल्यापासून लेखणी घेऊन उभे होते. पंडिता रमाबाईंनी हा अन्याय परदेशात मांडला. विलायतेच्या वर्तमानपत्रांत मॅक्स म्युलरसारख्यांनी लिहिले. मदतीसाठी मुंबईत एक कमिटी निघाली. दादाजींनीही गप्प न बसता आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली आणि रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून तिला उत्तर दिले. हे सारे वाचताना माझ्या मनात येई की एका घरातली दोन माणसे, जी एका घरात कधी राहिलीच नाहीत, सगळ्या देशासमोर भांडत आहेत. आणि यात त्या मुलीला काय काय ऐकून घ्यावे लागले असेल!

जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी करण्याचा हक्क सोडला. तुरुंग टळला. लग्न मात्र मोडले नाही. ते मोडण्याची सोयच नव्हती. त्या कायद्याच्या दृष्टीने दादाजींची बायकोच राहिल्या. या प्रकरणाने बालविवाहाचा प्रश्न इतका पेटला की १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. दहा आणि बारा! त्यालाही केवढा विरोध झाला.

त्यानंतरचे आयुष्य मात्र सगळे कामाचे आहे. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना डॉक्टर होण्याची वाट दाखवली. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या बाईने पंचविसाव्या वर्षी पुन्हा पाटी हातात धरली आणि १८९४ साली ब्रुसेल्सहून एम.डी. केले. परत येऊन त्या सुरतेला स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. सुरत म्हणजे तेच शहर, जेथे १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावण्यात आली होती आणि जिच्यावरच्या शिव्याशापांनी चिडून ताराबाईंनी आपले पुस्तक लिहिले. त्या शहरातल्या बायकांची बाळंतपणे रखमाबाईंनी वीसहून अधिक वर्षे केली. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात काम केले. १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला आल्या. पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी १९२९ साली लेख लिहिला. हिंदुस्थानात प्रत्यक्ष दवाखाना चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. पस्तीस वर्षांचे हे काम मी पाच ओळींत उरकतो आहे याची मला जाणीव आहे. पण त्यांच्या सुरतेच्या दिवसांतली एक गोष्ट मला पुढे सरकू देत नाही.

१९०४ साली दादाजी वारले. आणि रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली.

हे वाचून मला धक्का बसला, थोडा रागही आला. ज्याला नवरा मानायला नकार दिला, त्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवली, ज्याच्या घरची पायरी चढली नाही, त्याच्यासाठी पांढरे लुगडे? विधवांवर लादलेल्या जिण्याविरुद्ध स्वतःच पत्र लिहिलेले! पत्नी असताना पुरुषाने काही केले तरी चालते, आणि तो मेल्यावर मात्र बाईनेच रंग सोडायचे, हा तर सगळ्यांत मोठा दुटप्पीपणा. आणि तो रखमाबाईंनी स्वतःहून अंगावर घेतला. मॅडमना मी हे विचारले. माणसे आपल्याला सोयीची वागत नाहीत, एवढे म्हणून त्या हसल्या.

रात्री जेवणे झाल्यावर मी ताईला हे पुस्तक वाचून दाखवत असे. सुरुवातीला ती ऐकते आहे की नाही ते कळत नसे, कारण हातातले काम ती सोडत नसे. पांढऱ्या लुगड्याचा भाग आला तेव्हा ती वालाची बिरडी सोलत होती. मी तावातावाने माझे मत सांगितले. ती म्हणाली, बाई सुरतेत एकटी राहत होती ना? रात्री-अपरात्री लोकांच्या घरी जात होती ना? नवऱ्याला सोडलेल्या बाईला लोक दारात उभे करत नाहीत. विधवेला निदान कोणी विचारत नाहीत, नवरा कोठे आहे म्हणून. माझ्या पुस्तकात असे काही लिहिलेले नव्हते. हा ताईचा अंदाज, आणि तो बरोबर की चूक हे ठरवायला माझ्याजवळ काही नाही. पण गेले काही महिने पाणी भरायला, दळण घेऊन, कोणाच्या हळदीला म्हणून ती घराबाहेर पडली की तिला हा एकच प्रश्न विचारला जातो हे मला त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. मला तो कोणी विचारत नाही. मला विचारतात, कॉलेज कसे चालले आहे.

राहिला कायदा. १९२३ साली आपल्याकडेही नांदायला न जाणाऱ्या बायकोचा तुरुंग गेला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली, १९४७ साली घटस्फोट दिला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, नव्वद वर्षांच्या होऊन, रखमाबाई वारल्या. ज्या दोन गोष्टी त्यांना मिळाल्या नव्हत्या त्या देशभरच्या हिंदू बायकांना मिळाल्याचे त्यांनी पाहिले. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात नांदायला लावण्याचा दावाही राहिला. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि आजही ते आहे. ज्या इंग्लंडातून ते आले त्या इंग्लंडने १९७० साली कायदा करून ते काढून टाकले. कलम दोघांना सारखे आहे, नवराही लावू शकतो आणि बायकोही, असे आमच्या वकीलबाईंनी समजावून सांगितले. कागदावर ते सारखेच आहे. माझ्या चुलतवहिनीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, मी दावा लावला तर तो कामोठ्याहून येईल, पण मग मला येथे राहू कोण देईल?

ताईच्या नोटिशीला उत्तर गेले आहे. वकीलबाईंनी ते मराठीत वाचून दाखवले आणि ताईने सही केली. त्यानंतर काकांनी पुन्हा बैठकीचे काढले, तेव्हा बसायचे तर ताईला बाहेर बसवून बसा, असे मी म्हणालो. आवाज फार मोठा नव्हता. काका माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. बाबांनी काही म्हटले नाही, पण बैठकही झाली नाही. ताईने बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे.

हा लेख देण्यापूर्वी मी तिला वाचून दाखवला. तिच्याविषयीचा मजकूर नको असेल तर काढतो म्हणालो. ती म्हणाली, राहू दे. फक्त एक सुधारणा सांगितली. आमच्याही घरात असेच झाले, पुढे सांगतो, असे तू वर लिहिले आहेस आणि पुढे सांगितलेच नाहीस. ते खरे होते. दहावीला ताईला ८१ टक्के होते. अकरावीला पनवेलला जायचे तर रोज वडाप धरायला लागेल, मुलीला एकटे कसे पाठवायचे, म्हणून तिला घरी बसवले. दोन वर्षांनी मला ६४ टक्के पडले, आणि बाबांनी मला बसचा पास काढून दिला.